सतरावा रकाना

आमच्या कार्शी शहरात नवा मिस्त्री बॉयलर उघडायला घरात शिरला की घरची बाई त्याला आधी पाणी विचारत नाही. विचारते, "फातिहा कुणाचा घेतलास?" म्हणजे कुठल्या उस्ताने, कुठल्या गुरूने, तुझ्या कमरेला शेला बांधला, तळवे उघडून तुझ्या हाताला यश मागितलं, ते सांग आणि मग पान्याला हात लाव. माझ्याकडे राजधानीची दोन प्रमाणपत्रं आहेत, त्यातलं एक काचेच्या चौकटीत. एसी आणि बॉयलरचे मिस्त्री घडवणाऱ्या केंद्रात मी अकरा वर्षं दोम्ला आहे, मास्तर. फातिहा मात्र नाही. आणि ज्याला स्वतःला मिळाला नाही, त्याला तो दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे माझी पोरं माझ्याकडून परवान्याचं कार्ड घेतात आणि त्याच संध्याकाळी काखेत रोट्या मारून कुठल्यातरी म्हाताऱ्या उस्ताच्या दारात जातात. मी ते बघून न बघितल्यासारखं करतो.

चूक माझीच होती, ती मी लपवत नाही. तुर्दी उस्तांच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली. त्या शरदात शेला बांधायचं त्यांनी कबूल केलं होतं. पण सरतानच्या, म्हणजे ऐन चाळीस दिवसांच्या कडक उन्हाळ्यात, पत्र्यावर पाय ठेवला तर तळवा भाजेल अशा दुपारी, एका कंपनीचा माणूस मला शोधत आला. निळा शर्ट, गाडी, गळ्यात ओळखपत्र. आम्ही तेव्हा कसायाच्या दुकानाच्या छपरावर होतो, कॉम्प्रेसर उघडा पडला होता आणि खाली मांस लटकत होतं. "पाणी आणतो," असं उस्तांना सांगून मी शिडी उतरलो आणि गाडीत बसलो. या सगळ्यातलं ते पाणीच मला जास्त खुपतं.

त्यानंतर एकोणीस वर्षं उस्तांनी मला शिवी दिली नाही की बोल लावला नाही. लग्नाकार्यात भेटले तर सलाम घ्यायचे, घरच्यांची विचारपूस करायचे. मी दोनदा रोट्या आणि कापड घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चहा पाजला, खरबूज कापलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि तळवे काही उघडले नाहीत. मी निमूट परत आलो. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी ती जात.

या वर्षी हुकूम निघाला की हिवाळ्यापासून कार्डाशिवाय कुणीही बॉयलरला हात लावायचा नाही. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी माझ्या वर्गाच्या दारात तुर्दी उस्ता उभे राहिले. वय सत्तर, डोक्यावर दोप्पी, काखेत शाळकरी वही.

मी खुर्चीतून ताडकन उठलो. उस्ता उभा असताना शागिर्दाने बसायचं नसतं, ते अंगात मुरलेलं आहे. तेरा माणसं माझ्याकडे बघत होती. उस्ता सरळ शेवटच्या बाकाकडे गेले, बसले, वही उघडली आणि म्हणाले, "बसा, दोम्ला. शिकवा."

खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंद झाला. वाटलं, बघा, आता कुणाला कुणाची गरज आहे.

वर्गात पुलात नावाचा एक इरसाल गडी होता. पाच वर्षं रशियात मजुरी करून आलेला, तोंडाला कुलूप नाही. दुसऱ्या दिवशी एसीचा प्रयोग चालू होता. तांब्याच्या नळीला मीटर लावायच्या आधीच उस्तांनी हाताची मागची बाजू नळीवर टेकवली आणि म्हणाले, "गॅस कमी आहे. दाब पाचाच्या वर नसेल." मीटर लावला. काटा पाचाच्या किंचित खाली थांबला.

"उस्ता," पुलात म्हणाला, "या हातात बॅटरी कुठली टाकता?"

"जुन्या बनावटीची आहे," उस्ता म्हणाले. "तिचा चार्जर आता कबरस्तानातच मिळेल."

वर्ग हसला. मीही हसलो आणि मग म्हणालो, "हाताने मोजायचे दिवस गेले. परीक्षेत मीटरचा आकडा लिहायचा. हाताचा लिहिला तर शून्य." ते मला सांगायची काही गरज नव्हती. उस्तांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं: हाताला शून्य.

संगणकावरच्या सराव परीक्षेत त्यांना चाळीसपैकी अकरा मिळाले. मी त्यांच्या बाकाशी गेलो. पडद्यावर प्रश्न होता: गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर सर्वात आधी काय कराल? खाली चार पर्याय होते. ओळखपत्र दाखवणे, पायमोजे चढवणे, करार वाचून दाखवणे, उपकरणाचा क्रमांक टिपणे.

"ओळखपत्र," मी हळूच म्हणालो.

"मी आधी विचारतो, बॉयलरच्या खोलीत कोण झोपतं," उस्ता म्हणाले. "तो पर्याय यात नाही, दोम्ला."

"नाही. यात चारच आहेत."

"बरं. ओळखपत्र."

पण म्हातारा चिकट निघाला. रोज सगळ्यांच्या आधी यायचा. सून प्रश्न वाचून दाखवते आणि मी पाठ करतो, असं त्याने पुलातला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात चाळीसपैकी एकतीस. माझी सुरुवातीची खुमखुमी तोवर ओसरली होती आणि तिच्या जागी जुनी भूक जागी झाली होती. एका दुपारी वर्ग सुटल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं. कित्येक दिवस घोकलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं, "उस्ता, तुमचं कार्ड झालं की मी रोट्या घेऊन येईन. आत्तापर्यंत तुम्ही दिला नाहीत, तुमचा हक्क होता. पण आता मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, उस्तांचा फातिहा घे."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उस्तांनी मला नावाने हाक मारली. "हमरो," ते म्हणाले, "परीक्षा होऊ दे. मग ये. शेला घरात पडून आहे."

मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शेला पडून आहे म्हणाले? एकोणीस वर्षं?" आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागली. मलाही राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मी उस्तांसाठी जाड अस्तराचा निळा चापान, लांब अंगरखा, घेतला आणि कपाटात जपून ठेवला.

आता धुराड्याचं सांगितलं पाहिजे. शिकवणीच्या खोलीत भिंतीवर सहा बॉयलर टांगलेत, अगदी नवे, लखलखीत. त्यांच्या डोक्यातून धुराचे पांढरे नळ वर जातात आणि छताखालच्या तक्तपोशीत शिरतात. तक्तपोशीच्या वर काही नाही. तीन वर्षांपूर्वी हाकिमांच्या हस्ते उद्घाटन ठरलं, तेव्हा छप्पर फोडून धुराडं बाहेर काढायला दोन आठवडे लागणार होते आणि हातात चार दिवस होते. धुराडं मागाहून करू असं ठरलं. गॅसची जोडणीही मागाहून. कागदावर दोन्ही कधीच पूर्ण झालेली आहेत. म्हणून आमचे बॉयलर आजवर एकदाही पेटलेले नाहीत. मी फळ्यावर चित्र काढून धुराचा ओढा शिकवतो. धूर कसा चढतो, पाखराचं घरटं असलं की कसा अडतो, अडला की खोलीत कसा उतरतो, आणि त्याला ना रंग ना वास, म्हणून माणसं झोपेतच कशी जातात. चित्र चांगलं येतं मला. शेवटी सांगतो, "परीक्षेत धरून चला की वर धुराडं आहे." परीक्षेच्या कागदावर चाळीस रकाने असतात. सतरावा असा आहे: धुराड्याचा ओढा स्वतः तपासला, होय किंवा नाही. सगळे बॉयलरसमोर उभे राहतात, एकदा मान वर करतात आणि होय लिहितात. आजवर चारशे बारा जणांनी लिहिलं. माझ्या पायाखालची जमीन त्याने कधी हलली नाही. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घ्यायचो.

परीक्षेला राजधानीतून एक बाई आल्या. हातात टॅबलेट, नजर त्याच्यातच. एकेक जण पुढे येत होता. पुलातने सगळं सात मिनिटांत उरकलं, वर बघितलं, होय लिहिलं. मग उस्तांची पाळी आली.

ते सावकाश काम करत गेले. पाण्याचा दाब, नळाचे सांधे, साबणाचा फेस लावून गळती. सोळाव्या रकान्यापर्यंत सगळं चोख. मग ते थांबले, आजूबाजूला बघितलं आणि कोपऱ्यातली शिडी ओढून आणली.

"हे काय करताहेत?" बाईंनी टॅबलेटमधून डोकं वर काढलं.

"तपासताहेत," मी म्हणालो.

उस्ता गुडघ्यावर हात देत शिडी चढले, पेचकसाने तक्तपोशीचा एक तुकडा उचलला आणि डोकं आत घातलं. वरून थोडी धूळ पडली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, उतरा उस्ता, काही पाहिलं नाही असं करा आणि उतरा. ते उतरले. तुकडा जागेवर नीट बसवला, दोप्पीवरची धूळ झटकली आणि कागदावर लिहिलं. मग पुढचे तेवीस रकाने तितक्याच शांतपणे भरले.

बाई ओश, म्हणजे पुलाव, खायला गेल्या तेव्हा संचालकांनी मला आत बोलावलं. सोबिर नाझारोविच. माणूस मुळात वाईट नाही, खुर्चीला चिकटलेला आहे इतकंच. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सतराव्या रकान्यात उस्तांच्या जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: नाही. आणि शेजारी: नळ तक्तपोशीत संपतो. धुराडं नाही. पेटवू नये.

"तुमच्या म्हाताऱ्याला वेड लागलंय का?"

"धुराडं नाहीच आहे, साहेब."

"ते मला माहीत आहे." ते दार लावून आले. "तीन वर्षं अहवालात धुराडं आहे. हा कागद वर गेला तर विचारतील, कुठे गेलं. माझी तर जाईलच, तुमची राहील असं वाटतं तुम्हाला? आणि सतराव्याला नाही म्हणजे सरळ नापास, नियमच आहे. म्हातारा घरी बसेल. तुम्हालाच ते कार्ड हवंय ना त्यांच्यासाठी?"

"हवंय."

"मग कोरा कागद घ्या. बाई यायला वीस मिनिटं आहेत."

मी उस्तांकडे जाऊन त्यांना विचारू शकलो असतो. ते अंगणात तुतीखाली पुलातशी बोलत बसले होते, मला खिडकीतून दिसत होते. मी गेलो नाही, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं. कोऱ्या कागदावर मी एकोणचाळीस रकाने जसेच्या तसे उतरवले आणि सतराव्यात होय लिहिलं. खाली त्यांची सही केली. तीन वर्षं त्यांच्या पावत्या मी लिहायचो, सही मला येत होती. हे त्यांच्या भल्याचं आहे, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. पण डोळ्यांपुढे शेला होता, दुसरं काही नव्हतं.

चौदाही जण पास झाले. बाईंनी संचालकांचं कौतुक केलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी उस्तांच्या घरी गेलो. सोबत तंदूरमधून नुकत्याच काढलेल्या रोट्यांचं गाठोडं, तो चापान आणि लिफाफ्यात कार्ड. अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर द्राक्षांच्या वेलीखाली दस्तरखान मांडलं होतं. सुनेने बदाम, बेदाणे, नवात साखरेचे खडे मांडून ठेवले होते. आणि उस्तांच्या शेजारी घडी घातलेला शेला होता. लाल, चौकोनी, कडेला काळं भरतकाम. घडीच्या रेघांवर रंग विटला होता. मी सलाम केला आणि दोन्ही हात छातीवर ठेवून उभा राहिलो, बावीस वर्षांचा असताना राहायचो तसा.

"बस, हमरो," ते म्हणाले.

सुनेने चहा ओतला. मी लिफाफा दोन्ही हातांनी पुढे केला. उस्तांनी कार्ड काढलं, आपला फोटो बघितला आणि म्हणाले, "म्हातारा बरा दिसतो." मग लिफाफ्यातला दुसरा कागद काढला. परीक्षेच्या कागदाची नक्कल. ती प्रत्येकाला देतात, तोही नियमच आहे. लिफाफे भरायचं काम कचेरीतल्या मुलीचं. आत काय काय आहे, ते मी उघडून बघितलंच नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला आणि बोट एकेका रकान्यावरून खाली न्यायला लागले. मी चहाची प्याली हातात धरून होतो. बोट सतराव्या रकान्यातल्या 'होय'वर थांबलं.

"मी नापास झालो होतो?"

"तो नियम आहे, उस्ता. सतराव्याला नाही लिहिलं की..."

"मी विचारलं, नापास झालो होतो?"

"हो."

"मग हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि ही सही?"

मी हातातली प्याली खाली ठेवली. सुनेचा चहा ओतणारा हात थांबला. उस्तांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पाया पडलो असतो, रडलो असतो.

"धुराडं नाही, हे तुला किती दिवसांपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं."

"आणि तेव्हापासून तुझ्या केंद्रातून किती जण बाहेर पडले?"

"चारशे बारा. यंदाचे धरून चारशे सव्वीस."

"त्यातल्या किती जणांनी खरं धुराडं आतून पाहिलंय?"

"उस्ता, मी चित्र काढून सगळं..."

"मी किती, ते विचारलं."

मी मोजायला लागलो. खोटं वाटेल, पण मी खरंच मनात मोजायला लागलो. अमक्याचा बाप गवंडी होता, त्याने पाहिलं असेल. तमका आधी कुठल्यातरी उस्ताकडे होता. नावं संपली. "तुम्ही," मी म्हणालो. "बाकीच्यांचं मला माहीत नाही."

उस्तांनी कार्ड परत लिफाफ्यात घातलं, कागदही घातला आणि लिफाफा माझ्या गुडघ्याशी ठेवला. "हे कार्ड मी वापरणार नाही. ज्या कागदावर मिळालं तो माझा नाही." मग सुनेला म्हणाले, "पोरी, उद्यापासून कुणी बोलवायला आलं तर सांग, उस्ता काम करत नाहीत. केंद्रातून माणूस बोलवा."

"उस्ता, हिवाळा तोंडावर आहे," मी म्हणालो. "आख्खा मोहल्ला तुमच्यावर आहे. तुम्ही बसलात तर..."

"मी बसलो नाही. तू बसवलंस. आता तुझी पोरं जातील."

त्यांनी शेला उचलला आणि पाठीमागच्या गाद्यांच्या चळतीखाली सारला. कुठेही राग नव्हता. मला वाटलं, आता उठावं, गाठोडं तिथेच टाकावं आणि निघावं. तेवढ्यात उस्तांनी दोन्ही तळवे छातीसमोर उघडले.

वडीलधाऱ्याने तळवे उघडले की दस्तरखानावरच्या प्रत्येकाने उघडायचे असतात, तिथे मान-अपमान नसतो. सुनेने किटली खाली ठेवून तळवे उघडले. मीही उघडले. आणि इतकं होऊनही मनाचा एक मूर्ख कोपरा अजून आशा धरून होता, हेही कबूल करतो. म्हातारा बोलायचं ते बोलला, आता देईल.

"या अल्ला," तुर्दी उस्ता म्हणाले, "हमरोकुलने तयार केलेली माणसं या हिवाळ्यात ज्या ज्या घरात शिरतील, त्या घरांत झोपणाऱ्यांना सकाळी जागं कर. म्हाताऱ्यांना कर, लेकरांना कर. त्यांच्या आयांना रडायला लावू नकोस. आमीन."

"आमीन," सून म्हणाली आणि तिने चेहऱ्यावरून हात फिरवले.

उस्ता तळवे तसेच उघडे धरून माझ्याकडे बघत थांबले. एकोणीस वर्षं मी ज्याची वाट बघितली तो फातिहा मला मिळाला होता, माझ्या नावासकट. त्यात माझ्यासाठी एक शब्द नव्हता, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आमीन," मी म्हणालो आणि हात तोंडावरून फिरवले.